आत्यांचं आजारपणाचं खातं

माझ्या आत्तेसासूबाईंना एखादी गोष्ट पटली की ती साऱ्या जगाला पटेपर्यंत त्या स्वस्थ बसत नाहीत, आणि जगालाही स्वस्थ बसू देत नाहीत. साऱ्या जगाला म्हणजे खरोखरच साऱ्या. सख्ख्या भाच्यापासून सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या बाजारातल्या मासेवाल्यापर्यंत आणि टॅक्सीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत, जो कोणी पाच मिनिटं त्यांच्या तावडीत सापडेल त्याला ती गोष्ट पटवून घ्यावीच लागते. दातांच्या डॉक्टरचं मला विशेष वाटतं. तोंडात त्याचा आरसा होता, आणि तरी बोलत आत्याच होत्या.

आम्ही त्यांना नुसतं आत्या म्हणतो. तरुणपणी त्या हिशेबतपासनीस म्हणून पुण्याहून सिंगापूरला गेल्या. लग्न केलं नाही, पुढे तिथल्याच नागरिक झाल्या आणि तोआ पायोहच्या एका जुन्या सरकारी इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांनी फ्लॅट घेतला. दोन हजार अकराच्या सुमारास माझ्या नवऱ्याला सिंगापुरात नोकरी मिळाली आणि आम्ही सेरंगूनला राहायला गेलो, तेव्हा आत्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणं हे ज्यांचं काम, त्यांना आता दिवसभर मोकळा वेळ होता. यावरून काय ते समजा.

तर आत्यांना पटलेली गोष्ट म्हणजे मेडिसेव्ह. सिंगापुरात पगारातून दरमहा एक हिस्सा आपोआप कापला जातो आणि तुमच्याच नावच्या एका खात्यात जमा होतो. त्यातून साडी घेता येत नाही, सहल करता येत नाही. ते पैसे आजारपणासाठी, तुमच्या किंवा तुमच्या अगदी जवळच्या नात्यातल्या माणसाच्या. आत्या त्याला आजारपणाचं खातं म्हणत, आणि ते नाव उच्चारताना कुलदैवताचं नाव घेताना लोकांच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर यायचं. ज्याचं दुखणं त्याचं खातं, हे त्यांचं ब्रीद. माणसानं धडधाकट असताना आपल्या म्हातारपणासाठी बाजूला काढावं, दुखणं आलं की कोणापुढे हात पसरू नये. हे एवढं सोपं सूत्र भारतातल्या राज्यकर्त्यांना का सुचत नाही, याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटे. पुण्याहून कोणीही पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला विचारत, तुमच्याकडे हे कधी सुरू होणार? जणू तो बिचारा येताना मंत्रिमंडळाची बैठक उरकूनच विमानात बसला होता.

पण नुसतं खातं भरून भागत नाही, ते रिकामं होऊ नये म्हणून शरीरही राखलं पाहिजे, हा त्यांच्या धर्माचा दुसरा अध्याय. लिफ्ट ही आजाऱ्यांची सोय आहे, असं म्हणून त्या जिन्यानं वर जात आणि सोबतच्यांनाही नेत. माझा नवरा एकदा त्यांच्यासाठी तांदळाची पिशवी घेऊन गेला, तर त्याला जिन्यानं चढवला. वरती पोचल्यावर तो बोलण्याच्या स्थितीत नव्हता, तेव्हा त्याची नाडी बघत आत्या समाधानानं म्हणाल्या, "बघ, हे तुला आज कळलं ते बरं झालं." आमच्या लग्नात सगळ्यांनी चांदीची भांडी दिली, आत्यांनी बीपीचं मशीन दिलं. नुसतं दिलं नाही, रिसेप्शनच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर ते चालवूनही दाखवलं. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे, त्यात माझे वडील शाही फेटा बांधून एका हाताची बाही वर करून बसलेत आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मुलगी सासरी चालल्याचा नाही. त्यांचं बीपी बरंच वर निघालं होतं. लग्नातली दगदग, असं सगळे म्हणत होते, पण आत्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतः डॉक्टरकडे नेलं. बाबा आजही त्या गोळ्या घेतात आणि आत्यांचं नाव निघालं की आवाज खाली करतात.

घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, शेवयांचं सूप विकणारा एक माणूस होता. आत्या दर खेपेला एक चमचा तोंडात घालून वाडगा परत नेत आणि मीठ कमी करायला सांगत. त्यांना लांबून बघितलं की तो मागच्या बाजूला काहीतरी शोधायला वाके. पण वाकून वाकून किती वाकणार? सहा-सात महिन्यांत त्यानं हार मानली आणि आत्यांसाठी बिनमिठाचं वेगळं पातेलं ठेवायला लागला. काही दिवसांनी बघितलं, तर आणखी बरीच म्हातारी माणसं त्याच पातेल्यातलं सूप मागत होती.

आमच्यासारख्या, नोकरीच्या पासवर, म्हणजे कामापुरत्या परवान्यावर आलेल्या लोकांना मेडिसेव्ह नसतं. हे आत्यांना कळत होतं, पण बघवत नव्हतं. गणपतीत मराठी मंडळी जमली की त्या पुण्या-मुंबईच्या आयटीतल्या मुलांकडे अनाथांकडे बघावं तशा बघत. मग त्यांनी ठरवलं की सरकार करत नाही तर आपण करू. एकेका मुलाला गाठून त्यांनी बँकेत वेगळं खातं काढायला लावलं, पगार झाला की त्यात थोडं टाकायचं आणि दुखण्याशिवाय हात लावायचा नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना फोन जात. एका मुलानं त्या पैशातून कॅमेरा घेतला, तर आत्यांनी त्याच्याशी वर्षभर अबोला धरला. तोही असा की दर महिन्याला फोन करून त्याला सांगत, मी तुझ्याशी बोलत नाहीये.

आत्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये लिम आंटी राहत. त्याही एकट्याच, आत्यांहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. मलेशियातून लहान वयात आलेल्या, आणि सगळा जन्म घरी बसून लोकांचे कपडे शिवत काढलेला. लिम आंटींना होक्कियन ही चिनी बोली येई, थोडी मलय येई आणि इंग्रजी शब्द येत, वाक्यं येत नसत. आत्यांना मराठी येई आणि इंग्रजी वाक्यं येत. एवढ्या सामग्रीवर दोघींनी वीसेक वर्षं गप्पा मारल्या होत्या. संध्याकाळी मधल्या कॉरिडॉरमध्ये दोन खुर्च्या टाकून बसत. आंटी आत्यांच्या कुर्त्यांच्या बाह्या उसवून मोठ्या करून देत, आत्या त्यांना पोळ्या देत, त्या पोळ्यांत आंटी काय वाट्टेल ते गुंडाळून खात आणि आत्या तिकडे बघायचं टाळत. आत्यांना डेंग्यू झाला तेव्हा पेजेचं भांडं रोज समोरच्या दारातून यायचं. आत्यांचे वडील पुण्यात गेले आणि तिकीट मिळेना, तेव्हा आंटी आल्या, शेजारी बसल्या आणि सकाळपर्यंत बसून राहिल्या. हे मला आत्यांनी एकदाच सांगितलं आणि लगेच उठून ओटा पुसायला लागल्या.

आम्ही तिथे जाऊन वर्ष झालं असेल, तेव्हा आंटींचं बाहेर येणं कमी झालं. आधी म्हणत ऊन आहे, मग म्हणत काम आहे. आत्यांनी दोन-चार दिवस वाट बघितली आणि मग सरळ आत गेल्या. आंटी शिलाई मशीनला धरून उभ्या होत्या आणि त्यांना तिथून खुर्चीपर्यंत येता येत नव्हतं. दोन्ही गुडघे सुजून टम्म झाले होते. आत्यांनी त्याच आठवड्यात त्यांना आधी दवाखान्यात आणि मग मोठ्या इस्पितळात नेलं. मला सुट्टी होती म्हणून मीही गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, निदान एक गुडघा बदलावाच लागेल, आणि लवकर.

मग आम्ही खर्चाची माहिती देणाऱ्या खिडकीशी गेलो. तिथली मुलगी फार गोड होती, सावकाश बोलत होती. सरकारी सवलत धरूनही काही रक्कम उरत होती, आणि आंटींच्या मेडिसेव्हमध्ये जवळपास काहीच नव्हतं. नसणारच. घरी बसून शिवणाऱ्या बाईला पगार नसतो आणि पगार नाही तर कापणार कुठून? आत्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. आपलं ओळखपत्र खिडकीतून आत सरकवलं आणि म्हणाल्या, माझ्यातून घ्या. त्यांचं खातं तुडुंब होतं. इतकी वर्षं जिने चढून आणि सूप परत करून त्यांनी ते तसं ठेवलं होतं.

मुलीनं विचारलं, नातं काय? आत्या म्हणाल्या, शेजारीण. मुलगी हळूच म्हणाली, "नेबर कॅनॉट, आंटी. फॅमिली ओन्ली."

आत्यांनी एकदा आंटींकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. मग म्हणाल्या, "सिस्टर." हिशेबतपासनीस म्हणून सगळी नोकरी संपवलेल्या आणि कोणाच्या तोंडदेखल्या स्तुतीतही चूक काढणाऱ्या बाईला मी खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकत होते. त्या मुलीनं हसण्यावारी नेलं नाही. तिनं तितक्याच गोडपणानं विचारलं, आईचं नाव काय? मागे चाकांच्या खुर्चीत बसलेल्या आंटींना काय चाललंय ते कळलं असावं, कारण त्यांनी आत्यांच्या कुर्त्याचं टोक धरून ओढलं. "गो होम," त्या म्हणाल्या.

घरी गेलो. पण आत्या घरी बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. तिथले खासदार आठवड्यातून एका संध्याकाळी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत लोकांना भेटतात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, नंबर घेऊन बसायचं असतं. आत्यांनी तिथे जायला सुरुवात केली. त्यांचं मागणं एका वाक्याचं होतं, मेडिसेव्हच्या नात्यांमध्ये शेजारी घाला. स्वयंसेवकांना पहिल्यांदा वाटलं की शेजाऱ्याशी भांडण आहे, कारण शेजाऱ्याबद्दल तिथे येणारे सगळे त्याचसाठी येतात. मग कळलं तेव्हा त्यांना काय लिहून घ्यावं ते सुचेना. पुढच्या आठवड्यात आत्या पुन्हा हजर, त्याच्या पुढच्याही. नंबर येईपर्यंत रिकामं कशाला बसायचं, म्हणून बरोबर बीपीचं मशीन नेत. थोड्याच दिवसांत असं झालं की काहीच तक्रार नसलेली माणसंही बीपी मोजून घ्यायला तिथे येऊन बसू लागली.

खासदार समंजस गृहस्थ होते. त्यांनी आत्यांना नीट बसवून समजावलं. शेजाऱ्यांसाठी दार उघडलं तर उद्या म्हाताऱ्यांना गाठून, गोड बोलून त्यांची खाती रिकामी करणारे शेजारी निघतील. एकाचं खातं त्याच्याच म्हातारपणाला पुरलं पाहिजे, म्हणून कुंपण घातलंय. आत्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या दिवशी मी बरोबर होते, घरी येताना मला म्हणाल्या, "त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं, आणि याच गोष्टीचा मला राग येतोय." खासदारांनी आणखीही एक गोष्ट सांगितली होती. ज्यांच्या खात्यात नाही आणि ज्यांना कोणी नाही, त्यांच्यासाठी इस्पितळात मदतनिधी असतो. आंटींनी तिथल्या समाजसेविकेला भेटावं, काम होईल.

आता गंमत बघा. इतका सोपा मार्ग निघाला, तर लिम आंटींनीच नाही म्हटलं. साधं नाही नव्हे, दगडासारखं. आत्यांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी आत्यांच्याच छातीवर बोट टेकवलं. "यू सेड," त्या म्हणाल्या. "ओन सिक, ओन मनी. एव्हरी डे यू सेड."

वीस वर्षं कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून आत्यांनी जे सांगितलं होतं, त्यातलं बरंचसं आंटींना कळत नसेल असा आत्यांचा समज होता. ते सगळं कळलं होतं. टॅक्सीवाल्यांनी आणि आयटीतल्या मुलांनी एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलेलं ब्रीद जगात एका माणसानं खरोखर मनावर घेतलं होतं, आणि ते माणूस आता त्या ब्रीदापायी पांगळं व्हायला तयार होतं.

त्या दिवशी आत्या आमच्या घरी आल्या आणि कधी नव्हे ते न बोलता बसून राहिल्या. माझ्या मुलीनं, ती तेव्हा पहिलीत होती, त्यांना विचारलं, "आजी, यू सिक आह?" तेव्हा त्यांनी तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी सांगत होते ते खोटं नव्हतं गं. पण ते पगार मिळणाऱ्या बाईचं होतं. तिला पगारच नव्हता, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आंटींच्या दाराशी ठाण मांडलं. सकाळी चहा झाला की कॉरिडॉरमधली खुर्ची थेट त्यांच्या लोखंडी जाळीच्या दरवाजासमोर ठेवायची आणि बसायचं. तिथेच जेवण, तिथेच वर्तमानपत्र. आंटींनी आतलं दार लावून घेतलं, तर दारातून बोलायचं. शेजारपाजारचे विचारत, काय झालं? आत्या सांगत, काही नाही, मी चुकीचं शिकवलेलं परत घ्यायला बसलेय. आंटी हट्टी होत्या, पण आत्यांनी हट्ट या विषयात आयुष्य घातलेलं होतं. मी एका दुपारी डबा घेऊन गेले, तेव्हा आतलं दार उघडं होतं आणि दोघी जाळीच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. आत्या वीस वर्षांत जमवलेल्या इंग्रजी-मलय खिचडीत काहीतरी बोलत होत्या. मराठीत सांगायचं तर ते असं होतं, "तुझ्या गुडघ्यासाठी नको घेऊस. माझ्यासाठी घे. मला बाजारात एकटीला जायला आवडत नाही."

आंटींनी हात वर करून जाळीची कडी काढली.

समाजसेविकेकडे जाताना आत्या आंटींच्या चाकांच्या खुर्चीपुढे चालत होत्या, मान ताठ. कोणाचीतरी मदत मागायला चाललेल्या बाईसारख्या नव्हे तर वसुलीला चालल्यासारख्या. मदत मंजूर झाली. ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरचे महिने आंटींना ऑपरेशनपेक्षा जड गेले असावेत, कारण व्यायाम करून घ्यायला आत्या होत्या. कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आंटी काठी टेकत चालायच्या आणि आत्या उलट्या चालत समोरून हाका मारायच्या. आणि ज्या बाईनं माझ्या नवऱ्याला तांदळाच्या पिशवीसकट जिना चढवला होता, ती लिफ्टपाशी उभी राहून आंटींसाठी बटण दाबून धरू लागली. संसार सुखाचा व्हायचा तर काही गोष्टी बघून न बघितल्यासारख्या कराव्या लागतात, आणि आत्तेसासूच्या बाबतीत तर नक्कीच.

पुढच्या गणपतीत आत्यांच्या भाषणात बदल झाला. आता त्या मुलांना दोन खाती सांगायला लागल्या. एक आपलं, आणि त्याच्या शेजारी थोडं सगळ्यांचं मिळून, ज्याच्यावर वेळ येईल त्याच्यासाठी. मंडळींनी आधी मान डोलावून विषय बदलला. मग नाशिकचा एक नवा आलेला मुलगा अपेंडिक्स फुटून इस्पितळात पडला. त्याचं स्वतःचं खातं अजून भरायलाच लागलं नव्हतं. त्या दिवसापासून आत्यांना ते पटवावं लागलं नाही.

खासदारांकडे जाणं मात्र थांबलं नाही. त्या वर्षांत मेडिसेव्हचे नियम थोडे थोडे सैल होत होते. आणखी काही जुनाट दुखणी आत घेतली, म्हाताऱ्यांना इस्पितळात दाखल न होता केलेल्या तपासण्यांसाठीही थोडे पैसे काढता येऊ लागले. प्रत्येक बातमी आली की आत्या वर्तमानपत्र घेऊन आम्हाला फोन करत आणि म्हणत, बघ, ऐकलं त्यांनी. हजारो लोकांनी मागितलेलं, तज्ज्ञांनी विचार करून ठरवलेलं जे काही असे, ते सगळं आपल्या बीपीच्या मशीनचं यश आहे अशी त्यांची समजूत होती, आणि आम्ही ती कधी मोडली नाही. शेजारी तेवढे नियमांत आले नाहीत.

काही वर्षांनी आंटींचा पुतण्या मलेशियातल्या इपोहहून आला आणि त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. चांगला मुलगा होता, मोठं घर होतं, अंगण होतं. आंटी जाताना रडल्या नाहीत, आत्याही रडल्या नाहीत. समोरच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं आलं, ते सकाळी जाई आणि रात्री येई. तरीसुद्धा ठरलेल्या संध्याकाळी आत्या खाली जाऊन नंबर घेऊन बसत. मी एकदा न राहवून विचारलं की आता कोणासाठी? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बेरीज चुकले. म्हणाल्या, या इमारतीत केवढी दारं आहेत.

दशक संपता संपता आम्ही पुण्याला परतायचं ठरवलं. विमानतळावर सोडायला आत्या आल्या. नेहमीप्रमाणे कोणाला रडू द्यायचं नाही असा त्यांचा निश्चय होता, त्यामुळे त्या पाण्याच्या बाटल्या आणि पायमोजे यांबद्दलच बोलत होत्या. आत जायची वेळ झाली. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी मला उठवलं आणि विचारलं, "बाणेरच्या फ्लॅटसमोर कोण राहतं?"

मी म्हणाले, माहीत नाही आत्या. इतकी वर्षं पुण्यातला आपला फ्लॅट भाड्यानंच दिलेला होता ना, असेल कोणीतरी.

"असेल कोणीतरी," आत्या म्हणाल्या. रागावून नव्हे, अगदी हळू. मग माझ्या खांद्यावरचा पर्सचा पट्टा सरळ केला. "पोचलात की आधी बघ."

पुण्यात घर लावण्यात, मुलीच्या शाळेत, गॅस आणि इंटरनेटच्या खटपटीत बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी मी रव्याचा शिरा केला, एका वाटीत काढून वर झाकण ठेवलं आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. आतून कोणीतरी "आले हं" असं म्हणालं. आवाज बाईचा होता, वयस्कर. दार उघडायला वेळ लागत होता. मला घाई नव्हती.